बायबलच्या काळातली शेती आणि तिचा आध्यात्मिक अर्थ, हार्वेस्ट फेस्टिव्हलला बोलायचंय, माहिती हवी

ओझरकर

सगळ्यांना नमस्कार. आमच्या मंडळीचा हार्वेस्ट फेस्टिव्हल पुढच्या महिन्यात आहे आणि पाळकसाहेबांनी यावेळी तरुण संघाला सांगितलंय की संदेश तुमच्यातल्याच कुणीतरी द्यायचा, तर ते काम माझ्याकडं आलंय. विषय दिलाय बायबलच्या काळातली शेती आणि तिचा आध्यात्मिक अर्थ. शोधायला बसलो तर सगळीकडं तेच, पेरणाऱ्याचा दाखला, बी म्हणजे देवाचं वचन, जमीन म्हणजे माणसाचं मन, संपलं. ते बरोबरच आहे पण आमच्या मंडळीत निम्मे लोक शेतकरी, द्राक्षं, कांदा, टोमॅटोवाले, त्यांना हे संडे स्कूलपासून पाठ आहे. मला वाटतं त्या लोकांची शेती खरोखर कशी होती, कधी पेरायचे, कधी सोंगायचे, पाऊस कसा, जमिनीचे व्यवहार कसे, हे कळल्याशिवाय अर्थ सांगायला गेलो तर ते वरवरचं होईल.

अजून एक. बायबलच्या लेवीय या पुस्तकात सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची असं लिहिलंय ते खरंच कुणी पाळायचं का? की असल्या सगळ्या गोष्टी फक्त आध्यात्मिक अर्थानंच घ्यायच्या? ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मोठं झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.


निफाडचा_बागाईतदार

भाऊ पहिलं त्यांचं, म्हणजे इस्राएल देशातल्या लोकांचं, कॅलेंडर डोक्यात घे, नाहीतर सगळं उलटंपालटं होतं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर आणि त्यांच्याकडं नेमके तेच महिने कोरडे, मेपासून सप्टेंबरपर्यंत जवळपास थेंब नाही. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उन्हानं टणक झालेली जमीन त्यानं नांगराला वश व्हायची, मग पेरणी, मग डिसेंबर ते फेब्रुवारी मेन पाऊस आणि मार्च-एप्रिलात शेवटचा, जो दाणा भरायच्या वेळी लागतो. बायबलमधला आगोटीचा पाऊस तो हा पहिला आणि वळवाचा तो हा शेवटचा. एप्रिलच्या आसपास जव सोंगायचे, मे मध्ये गहू, उन्हाळाभर द्राक्षं आणि अंजीर, आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जैतून. म्हणजे धान्य आपल्या रब्बीसारखंच, फरक एवढाच की आपली रब्बी विहिरीवर आणि कॅनॉलवर निघते, त्यांची निव्वळ आभाळावर.

गेजेर म्हणून एक जुनं गाव आहे तिथल्या उत्खननात १९०८ साली चुनखडीची एक छोटी पाटी सापडली, इसवीसनापूर्वी १० व्या शतकातली, म्हणजे साधारण शलमोन राजाचा काळ. ती आता इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. तिच्यावर वर्षाचे महिने कामानुसार लिहिलेत, दोन महिने गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढायचा, एक जव सोंगायचा, एक सोंगणी आणि मापणीचा, दोन द्राक्षवेलीचे, एक उन्हाळी फळांचा. महिन्याला नाव नाही, कामच महिन्याचं नाव. मला ती पाटी फार आवडते कारण तिच्यात राजा नाही, लढाई नाही, नुसतं शेतकऱ्याचं वर्ष आहे.

आता अर्थाकडं ये. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा ११ वा अध्याय काढ. मोशे लोकांना सांगतो की ज्या मिसरातून तुम्ही आलात तिथं बी पेरून भाजीच्या मळ्याला द्यावं तसं पायानं पाणी द्यायचात, पण आता ज्या देशात चाललाय तो डोंगरदऱ्यांचा आहे, आभाळातून पडेल तेच पाणी पितो आणि त्यावर देवाची नजर वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत असते. माझी जमीन कॅनॉलखाली आहे, आवर्तनाची तारीख कळली की मी निवांत असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मिसराची नाईल म्हणजे तशीच निवांत शेती होती. देवानं आपल्या लोकांना त्या निवांत शेतीतून काढून मुद्दाम कोरडवाहू देशात नेलं, जिथं दरवर्षी वर बघावंच लागतं. तिथं विश्वास म्हणजे फक्त उपासनेला जाऊन बसणं नव्हतं, ऑक्टोबरात पाऊस पडायच्या आधी नांगराचा फाळ पाजळून ठेवणं हा विश्वास होता.

आणि म्हणूनच त्यांना बआलचा एवढा मोह. बआल हा कनानी लोकांचा वादळ-पावसाचा देव. शेजारचा शेतकरी बआलला नैवेद्य दाखवतोय आणि त्याचं शेत हिरवं दिसतंय, मग आपला देव फक्त मिसरातून काढणारा आणि पावसाचं खातं दुसऱ्याकडं, असं वाटायला किती वेळ लागतो. एलीया संदेष्ट्याच्या वेळचा दुष्काळ आणि कर्मेल डोंगरावरचा सामना, सगळा वाद हाच आहे की पाऊस कोण देतो. शेवटी समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसतो ती गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्यासमोर सांगून बघ, वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

एक अजून, पहिलं शमुवेल १२. गव्हाच्या सोंगणीत शमुवेल देवाला हाक मारतो आणि गडगडाट होऊन पाऊस पडतो, लोक घाबरून जातात. शहरातला माणूस म्हणेल पावसाला काय घाबरायचं. आपल्याकडं मार्च-एप्रिलात गारपीट बघितलेला कुणीही सांगेल काय घाबरायचं ते.


शरणपूरकर

ओझरकर बाळा, विषय छान घेतलास. निफाडच्या भाऊंनी पावसाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथं आहे.

लेवीय २५, वचन २३. देव म्हणतो जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं परके आणि उपरे म्हणून राहता. हे एक वचन धरलंस तर बाकीचे सगळे शेतीचे नियम आपोआप उलगडतात. जमिनीचा मालक देव आणि शेतकरी तिचा वहिवाटदार. म्हणून बांधाकडंचं पीक सोडून द्यायचं, म्हणून पडलेली कणसं उचलायची नाहीत, म्हणून पहिलं फळ मालकाकडं न्यायचं, म्हणून सातव्या वर्षी जमिनीला विसावा, म्हणून मळणीच्या बैलाला मुसकं घालायचं नाही. लोक हे वेगवेगळे नियम म्हणून वाचतात आणि मग प्रत्येकाचा वेगळा आध्यात्मिक अर्थ शोधत बसतात, पण ते सगळे त्या एका गोष्टीतून निघालेत.

योबेल वर्षाचा व्यवहार बघ. ५० व्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडं परत जायची. मग मधे कुणी अडचणीत जमीन दिली तर किंमत कशी ठरवायची? पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील त्यावर. वर्षं जास्त तर किंमत जास्त, वर्षं कमी तर किंमत कमी. तिथं स्पष्ट लिहिलंय की तो तुला पिकांची संख्या विकतोय. म्हणजे आपल्या भाषेत तो खंडानं देण्याचा व्यवहार, खरेदीखत नाही. आपल्या मंडळीत खंडानं शेती करणारे आणि देणारे दोघंही असतील, त्यांना हे अर्ध्या मिनिटात समजेल.

नाबोथाची गोष्ट मग वेगळीच दिसायला लागते. पहिले राजे २१. अहाब राजा तसं बघायला गेलं तर वाजवी ऑफर देतोय, तुझ्या मळ्यापेक्षा चांगला मळा देतो नाहीतर रोख पैसे घे, मला माझ्या वाड्याशेजारी भाजीचा मळा करायचाय. नाबोथ म्हणतो वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला द्यावं असं देव न करो. बाजारभावाचा प्रश्नच नव्हता, जी गोष्ट त्याची नव्हती ती तो विकू शकत नव्हता. आणि त्यासाठी खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार झाला. आज आपल्या नाशिकच्या आजूबाजूला बघ, रस्त्यालगतची बागाईत जमीन एकामागून एक प्लॉटला जातेय. मी कुणाला दोष देत नाही, मुलींची लग्नं असतात, दवाखाना असतो, पण नाबोथ आपल्या मंडळीत वाचला जावा असं मला फार वाटतं.

यशया ५ पण बघ. द्राक्षमळ्याचं गाणं सगळ्यांना माहीत असतं, टेकडीवरचा मळा, दगड वेचले, उत्तम वेल लावला, बुरूज बांधला, द्राक्षकुंड खोदलं आणि आली रानद्राक्षं. पण बरेचजण ७ व्या वचनाला थांबतात. ८ वं वचन काय आहे? जे घराला घर लावतात, शेताला शेत जोडतात, दुसऱ्याला जागाच उरू देत नाहीत, त्यांना हाय हाय. आणि १० व्या वचनात त्याचा परिणाम, दहा मापं बी पेरलं तर एक माप हाती येईल. यशया ज्या कडू फळाबद्दल बोलतोय ते हे, गरिबाची जमीन गिळणं. आध्यात्मिक अर्थ आणि जमिनीचा अर्थ तिथं वेगळे काढताच येत नाहीत.


दिंडोरी_अॅग्री

सगळ्यांच्या पोस्ट वाचल्या, चांगल्या आहेत. मी शेतीशास्त्र शिकलोय त्यामुळे एक अडचण मांडतो, राग मानू नका. जमीन पड ठेवल्यानं ओल आणि कस टिकायला मदत होते हे खरंच आहे, विशेषतः कमी पावसाच्या भागात. पण लेवीय २५ मध्ये नुसतं धान्य नाही, द्राक्षमळ्याची छाटणी पण करायची नाही असं लिहिलंय. आपल्याकडं एक ऑक्टोबर छाटणी चुकली तर हंगाम गेला. आणि सगळ्या देशानं एकदम सातव्या वर्षी पेरणी बंद केली तर लोक खाणार काय? पीक कर्ज, मुलांची फी, बागेच्या मांडवाचं कर्ज, हे कुठं थांबतं एक वर्ष. मला वाटतं हा आदर्श म्हणून लिहिलेला कायदा आहे, प्रत्यक्षात झाला नसावा. म्हणून आध्यात्मिक अर्थच घेणं सेफ आहे.


अलिबागकर

दिंडोरीवाले दादा, तुमचा प्रश्न लेवीयमध्येच आहे बरं का, २५ चं २० वं वचन, लोक विचारतील सातव्या वर्षी आम्ही काय खायचं, आणि उत्तर येतं की सहाव्या वर्षी मी असा आशीर्वाद देईन की तीन वर्षं पुरेल. म्हणजे लिहिणाऱ्याला ही भीती पूर्ण माहीत होती.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी आहे, मूळ गाव अलिबागकडं, आता कामानिमित्त नाशिकला असतो, त्यामुळे आमच्या बाजूनं सांगतो. पाळलं का, तर सुरुवातीला नीट पाळलं नाही असं शास्त्रच सांगतं. दुसरं इतिहास ३६ मध्ये आहे की बाबेलच्या बंदिवासात ७० वर्षं देश ओसाड पडला तेव्हा जमिनीनं आपले राहिलेले शब्बाथ, म्हणजे विसाव्याची वर्षं, भोगले. मला ते वाचताना दर वेळी अंगावर येतं, माणसानं विसावा दिला नाही तर जमिनीनं तो वसूल केला. परत आल्यावर नहेम्याच्या वेळी लोकांनी लेखी करार केला की सातव्या वर्षी जमीन सोडू आणि कर्जवसुली पण सोडू. त्यानंतर मात्र पाळल्याच्या खुणा आहेत. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात बेथ-सूरच्या वेढ्यात लोकांना गाव सोडावं लागतं कारण ते शब्बाथाचं वर्ष होतं आणि धान्य नव्हतं. जोसेफस हा इतिहासकार लिहितो की ज्युलियस सीझरनं यहुद्यांना सातव्या वर्षीचा कर माफ केला होता कारण त्या वर्षी ते पेरत नाहीत आणि झाडांची फळंही काढत नाहीत. रोमन सरकार आदर्शासाठी कर माफ करत नाही, शेत खरंच पड होतं म्हणून केला. आणि आजही इस्राएलमध्ये हे वर्ष येतं, २०२१-२२ चं होऊन गेलं, पुढचं २०२८-२९ ला. काही शेतकरी पूर्ण सोडतात, बरेचजण एक कायदेशीर सोय वापरतात ज्यात जमीन त्या वर्षापुरती ज्यू नसलेल्याच्या नावावर करतात, त्यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे. जड जातं म्हणूनच तर वाद आहे.

आणि कर्जाचं म्हणालात, अनुवाद १५ मध्ये त्याच सातव्या वर्षी कर्ज सोडायची आज्ञा आहे. जमीन पड आणि वसुली चालू असं त्यांनी ठेवलंच नव्हतं.

शब्बाथ म्हटलं की अजून एक आठवतं. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे कारण तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. आमचे पूर्वज शतकानुशतकं बाकीच्या यहुदी जगापासून लांब होते, तरी हे टिकलं. घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैल पण मोकळा, आणि निर्गम २३ मध्ये शब्बाथाचं कारणच असं दिलंय की तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, तुझ्या दासीच्या मुलाला आणि उपऱ्याला दम घेता यावा. मालकाचं नाव तिथं शेवटी पण नाही.

ओझरकर, तुमच्या कार्यक्रमासाठी मला सगळ्यात चांगलं वाटतं ते प्रथमफळांचं. मिश्ना म्हणजे आमच्या जुन्या धर्मगुरूंच्या नियमांचा संग्रह, त्यात त्याचं वर्णन आहे. शेतकरी शेतात गेला आणि पहिलं पिकू लागलेलं अंजीर दिसलं, पहिला घड दिसला, पहिलं डाळिंब दिसलं की त्याला तिथंच गवताची काडी बांधायचा आणि म्हणायचा हे प्रथमफळ. म्हणजे तोडायच्या आधी, स्वतः चाखायच्या आधी. मग गावोगावचे लोक एकत्र जमून यरुशलेमला निघायचे, पुढं बैल, त्याची शिंगं सोन्यानं मढवलेली आणि डोक्यावर जैतुनाचा मुकुट, बासरी वाजतेय, जवळचे लोक ताजी अंजिरं आणि द्राक्षं आणायचे, लांबचे सुकी अंजिरं आणि बेदाणे. श्रीमंत चांदी-सोन्याच्या टोपलीत आणि गरीब साध्या विणलेल्या टोपलीत. पोळा आणि वारी बघितलेल्या माणसाला हे वाचून एकदम आपलंच वाटतं.


येवलेकरीण

मी इथं जास्त लिहीत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे जमीन असलेल्यांचं लिहिताय. रूथ जमीन नसलेली होती, विधवा होती, परक्या देशातली होती, आणि सासूला घेऊन तिला जगायचं होतं. सरवा, म्हणजे सोंगणीनंतर रानात राहिलेलं पीक, वेचणं हे दान नव्हतं हे कृपा करून सांगा तुमच्या संदेशात. लेवीय १९, लेवीय २३, अनुवाद २४, तिन्हीकडं हे मालकाला घातलेलं बंधन आहे. कडेचं सोंगू नको, पडलेलं उचलू नको, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नको, जैतून एकदा झोडपलं की दुसऱ्यांदा फांद्या झोडपू नको, ते परक्याचं, पोरक्याचं आणि विधवेचं. त्यांचं आहे असं लिहिलंय. मालकाच्या मनात आलं तर द्या असं नाही. पुढं मिश्नात तर मापच घातलं की कडेचा भाग साठाव्या हिश्शापेक्षा कमी नको. एक-दोन कणसं हातातून सुटली तर ती गरिबाची, तीन सुटली तर मालकाची, इतका बारीक विचार त्या लोकांनी केलाय. आणि सणांची यादी दिलीय ना लेवीय २३ ला, त्या यादीच्या मधोमध, सप्ताहांच्या सणाचं सांगून झालं की लगेच हा सरव्याचा नियम येतो. सण आणि सरवा एकत्र.

आमच्या भागात भुईमूग निघाला की बाया मागनं सरव्याला जायच्या, माझी आजी जायची. काही मळ्यांत आवाज न देता जाऊ द्यायचे, काही ठिकाणी हाकलायचे. आजी म्हणायची रानात वाकायला लाज नाही, हाकललं की लाज वाटते. म्हणून मला त्या शेताच्या मालकाचं, बवाजाचं ते वाक्य सगळ्यात मोठं वाटतं, तो गड्यांना सांगतो की तिला पेंढ्यांमध्ये पण वेचू द्या, तिला लाजवू नका, आणि मुद्दाम काही कणसं पेंढ्यांतून ओढून टाका. कायद्यापेक्षा जास्त दिलं आणि तिची मान राखून दिलं. संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर जव निघाले, म्हणजे २० लिटरच्या वर माप, एका दिवसाच्या सरव्याला हे खूप झालं. जवापासून गव्हाची सोंगणी संपेपर्यंत ती वेचत राहिली. आणि तिच्याच वंशात दावीद जन्मला, पुढं येशू. मत्तयच्या पहिल्याच अध्यायात तिचं नाव आहे.

दुसरं, स्तोत्र १२६. जे रडत पेरतात ते आनंदानं कापतील. लोकांना हे फक्त सांत्वनाचं वाक्य वाटतं. कोरडवाहूत ते तसं नाहीये. पेरणीच्या दिवसांत घरातलं धान्य संपत आलेलं असतं, जे उरलंय तेच बियाणं असतं, पोरं भुकेली असतात आणि तेच उचलून मातीत टाकायचं असतं. पाऊस आला नाही तर ते पण गेलं, खायचं पण गेलं. दुबार पेरणी केलेल्या घरात विचारा. तो रडणारा माणूस पाप आठवून रडत नाहीये हो, तो पोरांच्या तोंडचा घास मातीत टाकतोय म्हणून रडतोय, आणि तरी टाकतोय. माझ्यासाठी विश्वासाचं यापेक्षा मोठं चित्र बायबलमध्ये नाही. येशूनं गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो हे सांगितलं, योहान १२, ते ऐकणाऱ्या लोकांनी हे सगळं भोगलेलं होतं.


दिंडोरी_अॅग्री

ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. अलिबागकर सर, सीझरच्या करमाफीचं आणि कर्ज सोडण्याचं माहीत नव्हतं, दोन्ही एकाच वर्षी असेल तर हिशोब बदलतो. द्राक्षाच्या छाटणीवर कुणी लिहील का, योहान १५ बद्दल? कारण आमच्याकडं त्यावर फार ढोबळ बोललं जातं.


निफाडचा_बागाईतदार

लिहितो. योहान १५ येशू वल्हांडण सणाच्या रात्री बोलला म्हणजे मार्च-एप्रिल. तिथल्या हवेत वेल थंडीत पूर्ण झोपतो, पानं गळतात, थंडी संपताना छाटणी होते आणि वल्हांडणापर्यंत नवीन फूट निघालेली असते. आपल्याकडं वेल झोपत नाही म्हणून आपण दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी घड घ्यायला. पण येशूनं सांगितलेली दोन कामं तीच, फळ न देणारी फांदी काढून टाकायची आणि फळ देणारीला साफ करायची म्हणजे अजून फळ येईल. यशया १८ मध्ये तर फुलोरा गळून मणी धरल्यावर कोयत्यानं फुटवे काढायचं पण लिहिलंय, आपण फेलफूट काढतो, शेंडा मारतो, तेच. ज्यानं कात्री धरलीय त्याला माहीत असतं की सगळ्यात जास्त कात्री चांगल्या वेलाला लागते. ज्या वेलाचं काही होणार नाही त्याच्यावर कोण मजुरी घालवतं. आजारपणात, नुकसानीत लोक विचारतात देवानं माझ्यावरच का, मी त्यांना हे सांगतो आणि बागाईतदाराला ते पटतं. आणि काडीला फळ देण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, ओलांड्याला, म्हणजे वेलाच्या आडव्या खोडाला, चिकटून राहायचं, रस मुळातून येतो. तिथं पुन्हा तेच आलं जे शरणपूरच्या काकांनी सांगितलं, आपलं स्वतःचं असं काही नाही.

रोमकरांस ११ ची कलम पण घे. आपण डॉगरिजच्या रानटी खुंटावर थॉमसन द्राक्षाची काडी भरतो, खुंट रानटी आणि वरची जात चांगली, कारण खुंटाला क्षार आणि पाण्याचा ताण सहन होतो. पौल उलटं सांगतो, लागवडीच्या चांगल्या जैतुनाला रानजैतुनाची फांदी जोडली. असं शेतकरी सहसा करत नाही, आणि तो स्वतःच म्हणतो हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. हेच तर त्याला सांगायचंय, यहुदी नसलेल्या आपल्यासारख्यांना आत घेतलं त्यात शेतकऱ्याचा फायदा काहीच नव्हता, नुसती दया होती. म्हणून पुढं म्हणतो फुशारकी मारू नको, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळानं तुला धरलंय. कलम भरणाऱ्या पोरांसमोर हे सांग, जास्त समजावावं लागणार नाही.

आणि मत्तय २० सोडू नको. मालक पहाटे बाजारात जाऊन द्राक्षमळ्यासाठी मजूर आणतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर असताना. सकाळी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जाऊन बघ, पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची माणसं उभी असतात, मालक येतात, हातपाय धडधाकट बघून घेऊन जातात. शेवटी कोण उरतं? म्हातारी माणसं, लहान पोर कडेवर असलेली बाई. अकराव्या तासाला मालकानं विचारलं दिवसभर रिकामे का उभे, ते म्हणाले आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. त्यांना पूर्ण दिनार दिला कारण दिनार ही एका दिवसाची मजुरी, आणि घरातली पोरं अर्ध्या दिवसाची भूक धरत नाहीत. आम्ही बागाईतदार हा दाखला ऐकून नेहमी पहाटे आलेल्या मजुराच्या बाजूनं विचार करतो, मी पण करायचो. अनुवाद २४ मध्ये मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची आज्ञा आहे कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आठवड्यानं देऊ, माल गेल्यावर देऊ, हे तिथं बसत नाही.


ओझरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. मी ठरवलंय पेरणाऱ्याचा दाखला यावेळी घेत नाही. लेवीय २५:२३ पासून सुरुवात करतो, जमीन माझी आहे, मग नाबोथ थोडक्यात, मग येवल्याच्या ताईंनी लिहिलेलं रूथ आणि स्तोत्र १२६, त्याला जास्त वेळ देणार. ताई तुमच्या आजीचं वाक्य नाव न घेता सांगितलं तर चालेल का? आणि शेवटी अनुवाद २६ मधली टोपली. आमच्याकडं लोक सोयाबीन, मका, भोपळे, टोमॅटोचे क्रेट आणतात, वेदीपुढं ठेवतात आणि उपासना झाली की लिलाव होतो. ती टोपली याजकाकडं देताना जे बोलायचं असतं ते सगळ्यांकडून म्हणून घ्यावं का?


येवलेकरीण

सांगा की. आजीला आवडलं असतं.


शरणपूरकर

म्हणून घे, नक्की घे. त्यात गंमत अशी आहे की माणूस टोपली हातात घेऊन पिकाबद्दल काहीच बोलत नाही, माझा बाप भटका अरामी होता, मिसरात गेला, आम्हाला जाच झाला, देवानं बाहेर काढलं, असं घराण्याची गोष्ट सांगतो आणि मग म्हणतो म्हणून बघ, तू दिलेल्या जमिनीचं पहिलं फळ मी आणलंय. आज जमीनदार असलेला माणूस दरवर्षी मोठ्यानं म्हणतो की मी बेघर होतो. तरुणांकडून पाठ करून घे, कागदावरून वाचू नका.

फक्त १० व्या वचनाला थांबू नको, बरेच ठिकाणी तिथंच थांबतात. ११ व्या वचनात आहे की तू, लेवी (देवाच्या मंदिराची सेवा करणारा) आणि तुझ्यात राहणारा उपरा मिळून आनंद करा. तुमचा सण छाटणीच्या दिवसांत येतोय, म्हणजे रविवार असला तरी बागांमध्ये पेठ-सुरगाण्याची मंडळी कामाला असणार. पाळकसाहेबांशी बोलून लिलावाच्या आधी जेवण ठेवता येतंय का बघ आणि ज्यांच्या बागेत मजूर आहेत त्यांना आधीच सांग की त्यांना घेऊन या. संध्याकाळी त्यांना परतीची गाडी धरायची असते, तर दुपारी १ च्या आत वाढलं पाहिजे. भाताला आणि भाजीला माणसं कमी पडली तर शरणपूरहून आमची चार-पाच जणं येतील, तारीख कळव.